संधिवाताच्या रुग्णांतील जंतुसंसर्ग : भीती नेमकी कोणत्या औषधाची धरावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचे वय 61 असून त्यांना नऊ वर्षांपासून आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आठवड्यातून एकदा 15 मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट आणि रोज 7.5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. गेल्या वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला, सांध्यांची सूज मात्र अजून उतरलेली नाही, म्हणून डॉक्टरांनी बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्तीतील ठरावीक दुवा रोखणारे इंजेक्शन सुचवले आहे. प्रतिकारशक्ती आधीच कमी असताना हे इंजेक्शन म्हणजे आगीत तेल, असे घरच्यांना वाटते. संसर्ग आजारामुळे होतो की औषधांमुळे, आणि ताप आला की सगळी औषधे बंद करावीत का, असे आपण विचारले आहे.

घरच्यांची भीती निराधार नाही, पण ती चुकीच्या औषधावर जाऊन बसली आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवात मी हेच वारंवार पाहत आलो आहे : इंजेक्शनच्या नावाने घर हादरते, आणि रोज सकाळी चहासारखी सवयीने घेतली जाणारी छोटी पांढरी गोळी कोणाच्या खिजगणतीतही नसते. आपल्या आईच्या दोन न्यूमोनियांमागे कोण आहे असे मला विचारले, तर मी पहिले बोट त्या 7.5 मिलिग्रॅमकडे दाखवीन, दुसरे सुजलेल्या सांध्यांकडे, आणि मेथोट्रेक्सेटकडे बऱ्याच नंतर.

आधी आजाराविषयी. स्वयंप्रतिकार आजारात प्रतिकारशक्ती 'वाढलेली' असते की 'कमी झालेली' असते, हा प्रश्नच मुळात फसवा आहे. ती वाट चुकलेली असते. स्वतःच्या ऊतींवर तुटून पडणाऱ्या पेशी जंतूंच्या बाबतीत तितक्याच दक्ष असतील, असे मुळीच नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यात 1955 ते 1994 या काळात ज्यांना आमवाताचे निदान झाले, त्यांची आमवात नसलेल्या समवयस्कांशी तुलना केली असता, खात्रीने सिद्ध झालेल्या संसर्गांचे प्रमाण सुमारे 1.7 पट आढळले. आमवातासाठीचे पहिले टीएनएफ-रोधक (टीएनएफ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनाला रोखणारे बायोलॉजिक) औषध बाजारात आले ते 1998 साली, म्हणजे हा वाढीव धोका बायोलॉजिक औषधांच्या आधीपासूनचा आहे. अर्थात त्या काळातही स्टेरॉइड होतीच, त्यामुळे हा सगळा भार एकट्या आजाराच्या माथी मारता येणार नाही. तरीही आजार जितका जास्त भडकलेला तितके संसर्ग जास्त, हे त्यानंतरच्या नोंदींतही दिसत राहिले आहे.

प्रत्येक आजाराची वाट मात्र वेगळी असते. ल्युपसमध्ये, म्हणजे अनेक अवयवांना ग्रासणाऱ्या स्वयंप्रतिकार आजारात, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटतात, कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातील प्रथिने खर्ची पडतात, काहींची प्लीहा असून नसल्यासारखी होते आणि मूत्रपिंडाला बाधा झाली असेल तर संरक्षक इम्युनोग्लोब्युलिन लघवीवाटे निसटून जातात. न्यूमोकॉकससारख्या आवरणधारी जंतूंना एवढे पुरते. त्वचा कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्मात अन्ननलिका सैल पडते, स्नायूंच्या दाहात गिळण्याचे स्नायू थकतात, आणि दोन्हींत घशातले अन्न किंवा आम्ल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. अशा वेळी प्रतिजैविकाइतकाच उपयोग खाटेची उशाकडची बाजू उंच करण्याचा आणि गिळण्याच्या तपासणीचा असतो. आमवातात फुप्फुसाची झीज किंवा श्वासनलिका कायमच्या रुंदावणे हे बऱ्याचदा आधीच झालेले असते, पण सांध्यांच्या दुखण्यात ते झाकले जाते. दोनदा न्यूमोनिया झालेल्या रुग्णाचा छातीचा सीटी स्कॅन झालेला नसेल, तर तो करून घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

आता त्या गोळीकडे वळतो. 1948 च्या सप्टेंबरमध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका आमवाताच्या रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांत, 1950 साली, या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या चमत्काराची किंमत समजायला थोडा अधिक वेळ लागला. टोरांटोच्या डॉक्टरांनी 1976 साली ल्युपसच्या मृत्यूंचे दोन टप्पे दाखवून दिले : उशिराचे मृत्यू हृदयरोगाने होत होते, तर पहिल्या काही वर्षांतील मृत्यू भडकलेल्या आजाराने आणि संसर्गाने, आणि तेही बहुतेक मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असताना. ल्युपसच्या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत संसर्ग आजही आहेच.

मोठी मात्रा घातक असते हे सर्वांना पटते. लहान मात्रेचे पटत नाही. अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदींवरून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी त्यासाठी नेहमी सांगतो. त्यातील आमवाताचे रुग्ण इतर औषधांवर स्थिरावलेले होते, आणि त्यांना वर्षभरात संसर्गामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता काढली गेली. स्टेरॉइड न घेणाऱ्यांत ती 8.6 टक्के होती, रोज 5 मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत 11 टक्के, 5 ते 10 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत 14.4 टक्के आणि त्याहून अधिक घेणाऱ्यांत 17.7 टक्के. हे रुग्ण बहुतांशी वयस्कर होते, त्यामुळे मूळ आकडे मोठे दिसतात. पण पायरीपायरीने होणारी चढण लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या आई तिसऱ्या पायरीवर आहेत. दुसरी बाजूही सांगायला हवी. 65 वर्षांवरील रुग्णांना दोन वर्षे रोज 5 मिलिग्रॅम देऊन पाहणाऱ्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ग्लोरिया चाचणीत आजार नक्कीच आटोक्यात आला, आणि जे जास्तीचे दुष्परिणाम दिसले ते बहुतेक सौम्य संसर्गाचे होते. म्हणजे ही गोळी विष नाही. ती भाड्याची शिडी आहे. काम झाले की परत करायची असते, घरात कायमची ठेवायची नसते.

स्टेरॉइडमुळे होते काय, तर पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडायच्या ऐवजी रक्तातच फिरत राहतात. त्यामुळे रक्ताच्या तपासणीत त्यांची संख्या वाढलेली दिसते, पण जिथे जंतू आहेत तिथे त्या पोहोचत नाहीत. शिवाय ताप, लाली, वेदना या धोक्याच्या घंटा दबल्या जातात. मोठ्या आतड्याला भोक पडूनही केवळ पोट जरा जड वाटते म्हणून चालत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

याच संदर्भात एक गोष्ट सांगून टाकतो. घटक लिहिलेले नसलेल्या, सांधेदुखीवर झटपट गुण देणाऱ्या पुड्या आणि गोळ्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. आईंनी असे काही घेतले असेल, तर ओशाळे न होता डॉक्टरांना सांगावे. त्यांची खरी रोजची मात्रा 7.5 हून जास्त निघू शकते. 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' चूर्णांचा तर स्वयंप्रतिकार आजारात काही तर्कच लागत नाही. जी यंत्रणा भरकटली आहे तिलाच आणखी जोर देऊन काय साधणार?

मेथोट्रेक्सेटवर लोकांचा राग फार असतो. आमवातात वापरल्या जाणाऱ्या मात्रेत ते गंभीर संसर्गाचा धोका फारसा वाढवत नाही, आणि आजार आटोक्यात ठेवून स्टेरॉइडची गरज मात्र कमी करते. त्याचे खरे धोके दुसरीकडे आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची मात्रा चुकून रोज घेतली गेली, तर अस्थिमज्जा कोलमडते, तोंड सोलून निघते, पांढऱ्या पेशी नाहीशा होतात आणि रुग्ण दगावूही शकतो. म्हणून घेण्याचा वार चिठ्ठीवर अक्षरांत लिहिलेला असावा. दुसरा सापळा लघवीच्या संसर्गासाठी सहज लिहून दिल्या जाणाऱ्या कोट्रायमॉक्सॅझोलचा. मेथोट्रेक्सेटसोबत उपचाराच्या पूर्ण मात्रेत हे प्रतिजैविक दिले, तर दोघांचा मारा मज्जेवर एकदम होतो. कोणत्याही नव्या डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले, की 'मला मेथोट्रेक्सेट चालू आहे' हे वाक्य रुग्णाच्या तोंडून आपोआप यायला हवे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची गोष्ट उलटी आहे : ल्युपसच्या रुग्णांच्या अनेक पाहण्यांत ते घेणाऱ्यांत संसर्ग कमीच आढळले आहेत. सायक्लोफॉस्फामाइड आणि मायकोफेनोलेट मात्र खरोखर प्रतिकारशक्ती दाबतात आणि त्यांना पेशींच्या मोजणीचा पहारा लागतो.

आता ज्या इंजेक्शनने घर धास्तावले आहे, त्याविषयी. टीएनएफ-रोधक औषधांचा क्षयरोगाशी असलेला संबंध पक्का आहे. 2001 साली इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांतील क्षयरोगाच्या 70 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जणांना तो फुप्फुसाबाहेर झाला होता आणि उपचार सुरू झाल्यापासून रोग दिसेपर्यंतचा मध्यक काळ अवघा 12 आठवड्यांचा होता. कारण समजायला सोपे आहे. शरीरात सुप्त राहिलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींनी गाठीची तटबंदी उभारलेली असते आणि ती टिकवून धरणारा मुकादम म्हणजे टीएनएफ. तो काढून घेतला की तट ढासळतो. या गटात इन्फ्लिक्सिमॅब आणि अॅडालिमुमॅब यांच्यापेक्षा इटॅनरसेप्टचा धोका कमी असतो.

म्हणून पहिल्या इंजेक्शनच्या आधी छातीचा एक्स-रे आणि सोबत त्वचेवरील ट्यूबरक्युलिन चाचणी किंवा रक्तातील इग्रा चाचणी करतात. प्रतिकारशक्ती दबलेल्या व्यक्तीत त्वचेवरील 5 मिलिमीटरचा उंचवटाही सकारात्मक धरला जातो. मात्र स्टेरॉइडवर असलेल्यांत ही चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते, त्यामुळे पूर्वी घरात कोणाला क्षय झाला होता का, या साध्या प्रश्नाचे मोल चाचणीइतकेच आहे. सुप्त संसर्ग आढळला तर आयसोनियाझिड काही महिने किंवा रिफाम्पिसिन चार महिने असे उपचार करतात, आणि निदान एक महिना ते झाल्यावर बायोलॉजिक सुरू करता येते. रिफाम्पिसिन प्रेडनिसोलोनचे रक्तातील प्रमाण खाली आणते, हे मात्र ध्यानात ठेवावे. सांधे अचानक भडकले तर दोष नव्या औषधाला जायचा. बायोलॉजिक सुरू झाल्यावर महिना-दीड महिना रेंगाळणारा ताप, वजन घटणे, मानेत गाठ, पोटात पाणी यांपैकी काहीही दिसले, तर सुरुवातीची चाचणी नकारात्मक होती म्हणून गाफील राहू नये.

हिपॅटायटिस बी ची तपासणीही त्याच वेळी करतात, आणि ती केवळ एचबीएस अँटिजेनपुरती न ठेवता कोअर अँटिबॉडीचीही करावी लागते, कारण पूर्वी बरा झालेला विषाणूही पुन्हा उठू शकतो. हा धोका बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा गट) संपवणाऱ्या रिटुक्सिमॅबमध्ये सर्वांत जास्त; तिथे विषाणूरोधक गोळी इंजेक्शन थांबल्यावरही वर्षभर किंवा अधिक चालू ठेवतात. रिटुक्सिमॅबच्या वारंवार मात्रांनी इम्युनोग्लोब्युलिन जी घटते, म्हणून ते आधी आणि मधून मधून मोजावे. पेशींच्या आतला दाहाचा संदेश अडवणाऱ्या जॅक-रोधक गोळ्यांत नागीण ठळकपणे वाढते. आयएल-17 या दाहकारक प्रथिनाच्या रोधकांत तोंडात आणि त्वचेवर कॅंडिडा बुरशी येते, ती सहसा किरकोळ असते. टोसिलिझुमॅब या आणखी एका बायोलॉजिकबद्दल एकच, पण फार महत्त्वाची गोष्ट : ते सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारे रक्तातील प्रथिन, तयारच होऊ देत नाही, त्यामुळे 'सीआरपी नॉर्मल, म्हणजे संसर्ग नाही' हा हिशेब त्या रुग्णात लागू पडत नाही.

इतके सगळे सांगून मी बायोलॉजिकच्या बाजूने कसा, असे आपल्याला वाटेल. जर्मनीतील रॅबिट या नोंदवहीचा 2011 मधील अभ्यास या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातो. टीएनएफ-रोधकांमुळे गंभीर संसर्गाचा धोका सुरुवातीला वाढतो आणि पुढे घटत जातो, हे ठाऊक होते. का घटतो, तर एक कारण असे की ज्यांना त्रास व्हायचा ते औषध सोडून जातात. पण दुसरे असे की उरलेल्यांचे सांधे सुधारतात आणि स्टेरॉइड कमी होते, आणि या दोन्हींमुळे धोका खरोखर खाली येतो. म्हणजे इंजेक्शनचा हिशेब एकट्याने मांडायचा नसतो. त्याच्यामुळे कोणती गोळी सुटणार आहे, हे वजा करून मांडायचा असतो. इंजेक्शन सुरू झाले आणि 7.5 मिलिग्रॅम तसेच राहिले, तर घरच्यांचे म्हणणे बरोबर ठरेल. व्हॅस्क्युलायटिसमध्येही, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहातही, तोच धडा मिळाला आहे : 2020 च्या पेक्सिव्हॅस चाचणीत 704 रुग्ण होते, त्यांत स्टेरॉइड झपाट्याने उतरवणाऱ्या गटात आजारावरील नियंत्रण तितकेच राहिले आणि पहिल्या वर्षातील गंभीर संसर्ग कमी झाले.

आता तापाचा प्रश्न. सर्दी-पडशासाठी मेथोट्रेक्सेट थांबवण्याची सहसा गरज नसते. ताप 38 अंश सेल्सिअसच्या वर गेला, थंडी वाजली, धाप लागली, किंवा प्रतिजैविक सुरू करावे लागले, तर मेथोट्रेक्सेट, बायोलॉजिक आणि जॅक-रोधक संसर्ग पूर्ण बरा होईपर्यंत थांबवतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू ठेवायला हरकत नसते. प्रेडनिसोलोन मात्र स्वतःहून कधीही बंद करायचे नाही. अनेक महिने ही गोळी घेतल्यावर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेल्या असतात, आणि ऐन संसर्गात ती थांबली तर रक्तदाब कोसळून रुग्ण अत्यवस्थ होतो. उलट तापाच्या दिवसांत मात्रा थोडी वाढवावी लागू शकते, आणि उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शनने स्टेरॉइड द्यावे लागते. किती वाढवायची, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. एकीकडे ही गोळी कमी करा म्हणतो आणि दुसरीकडे तापात थांबवू नका म्हणतो, यात विसंगती नाही : ती उतरवायची असते आजार शांत असताना, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने, तापाच्या रात्री नव्हे.

आमवाताच्या रुग्णात एकच सांधा इतरांपेक्षा फार जास्त गरम, सुजलेला आणि हलवताही न येणारा झाला, तर तो आजाराचा भडका समजून स्टेरॉइड वाढवण्याची चूक करू नये. तो पू झालेला सांधा आहे असे धरून, सुईने पाणी काढून तपासेपर्यंत स्वस्थ बसायचे नसते. ताप नसला तरीही. ल्युपसमध्ये हाच पेच संपूर्ण शरीराच्या पातळीवर पडतो. ढोबळमानाने, सीआरपी बरीच वाढलेली असेल तर कल संसर्गाकडे, आणि कॉम्प्लिमेंट खाली, डीएनए-विरोधी अँटिबॉडी वर व पांढऱ्या पेशी कमी असतील तर कल आजाराकडे जातो. पण फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाचा दाह ल्युपसमध्येही सीआरपी वाढवतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी असलेले रुग्ण पुष्कळ असतात.

रोज 20 मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर किंवा जास्त आणि सोबत दुसरे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध असेल, तर न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी लहान मात्रेत कोट्रायमॉक्सॅझोल देतात. मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर तेव्हाही रक्तपेशींवर लक्ष ठेवावे लागते, आणि ल्युपसमध्ये सल्फाची अॅलर्जी अधिक दिसते म्हणून आधी विचारून घ्यावे लागते. आपल्या आईची मात्रा तेवढी नाही, त्यामुळे याची गरज आत्ता दिसत नाही.

लशी हा सर्वांत स्वस्तात पदरात पडणारा बचाव, आणि सर्वांत जास्त विसरला जाणाराही. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी, न्यूमोकॉकसची लस, आणि नागिणीची पुनःसंयोजित लस, जिच्यात जिवंत विषाणू नसतो, या तिन्ही आपल्या आईला चालतील. इन्फ्लुएन्झाची लस घेतल्यावर, आजार शांत असेल तर, मेथोट्रेक्सेट दोन आठवडे पुढे ढकलल्याने प्रतिसाद सुधारतो. जिवंत जंतूंच्या लशी, उदाहरणार्थ गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, या उपचार चालू असताना टाळतात. रिटुक्सिमॅब ठरले असेल तर लशी त्याआधी काही आठवडे उरकाव्यात, कारण नंतर निदान सहा महिने शरीर त्यांना नीट दाद देत नाही. लशीने संधिवात भडकतो ही समजूत मी रोज ऐकतो; एक-दोन दिवस अंग आणि सांधे दुखणे आणि आजार उलटणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा आपल्या आईच्या बाबतीत क्रम असा ठेवावा असे मी सुचवीन. आधी छातीचा सीटी स्कॅन, इम्युनोग्लोब्युलिन जी, क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी व सी च्या तपासण्या, रक्तातील साखर, आणि दातांची पाहणी. याच काळात वरच्या लशी घेऊन टाकाव्यात. फुप्फुस रोगट निघाले किंवा न्यूमोनिया इतक्यातच झाला असेल, तर टीएनएफ-रोधकाऐवजी अॅबाटासेप्ट या वेगळ्या प्रकारच्या बायोलॉजिकचा विचार करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. वारंवार संसर्ग होणाऱ्यांत अनेक संधिवाततज्ज्ञांचा, आणि माझाही, कल तिकडे असतो. इंजेक्शन लागू पडू लागले की प्रेडनिसोलोन कोणत्या महिन्यात किती खाली येणार, याचे वेळापत्रक पहिल्याच भेटीत लिहून मागावे आणि तीन महिन्यांनी त्याची विचारणा करावी. आणि आईच्या पर्समध्ये एक कार्ड ठेवावे : औषधांची नावे, मेथोट्रेक्सेटचा वार, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, आणि ठळक अक्षरांत 'स्टेरॉइड अचानक बंद करू नये'.